एक वायर वाचवली

बुधवार, १२ नोव्हेंबर

रामबाईची तीन बोटं गेली. उजव्या हाताची.

सव्वाअकराला नऊ नंबरच्या मशीनमध्ये ओलसर कापूस अडकला. नागेशनं लाल बटण दाबून मशीन थांबवली. रामबाई वाकून रोलरपाशी अडकलेला कापूस हातानं ओढत होती, आणि थांबलेली मशीन सुरू झाली. मी पॅनलरूममध्ये होतो. ओरडा ऐकू आला तेव्हा वाटलं, बायांचं काहीतरी भांडण लागलं. धावत गेलो तोवर नागेशनं वीज तोडायचा भिंतीवरचा खटका खाली ओढला होता. रुईवर रक्त. बाया भिंतीला चिकटून उभ्या. माझी बायको वच्छलाही त्यातच, सफाईच्या गँगमध्ये ती आहे, चेहरा पांढराफटक.

भैयाजींच्या गाडीतून रामबाईला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. मॅनेजर असूनही गाडीच्या सीटचा विचार माणसानं केला नाही, एवढं चांगलं केलं. पण परत आले ते थेट नागेशवरच. हिरवं बटण कोणी दाबलं? मशीनपाशी उभं कोण होतं? तूच ना? नागेश एकच गोष्ट सांगत राहिला — लाल दाबलं होतं. सुरू झाली तेव्हा पुन्हा लाल दाबलं. थांबलीच नाही.

कोण ऐकतो! पोरगा या हंगामातच मशीनवर आलेला. आणि रामबाई त्याची सख्खी काकी. आई गेल्यापासून तिच्याच चुलीवरचं खाऊन मोठा झाला. तो रडत होता तेही लोकांना कबुलीसारखं वाटलं.

मला तपासायला सांगितलं. हिरवं दाबलं, सुरू. लाल दाबलं, बंद. दहा वेळा केलं. सगळ्यांसमोर म्हणालो, मशीनमध्ये काही खोट नाही. आणि खोटं कशाला लिहू, म्हणताना छाती थोडी फुगलीच. सत्तावीस वर्षं कापसाच्या या जिनिंग-गिरणीची वायरिंग माझ्या हातची आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नागेशला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत. म्हणजे कायमचंच, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

वच्छला जेवली नाही. बाईमाणूस, समोर रक्त पाहिलं, दोन दिवस असंच जाणार. मी म्हटलं, दोन घास तरी खा. तिनं ताट झाकून ठेवलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सगळी जिनिंग म्हणते, पोरानं घाबरून लाल समजून हिरवं दाबलं. मीही मान हलवली.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज रविवार म्हणून मशिनी बंद. एकटाच नऊ नंबरपाशी गेलो. मनात कुठेतरी खुपत होतं — ‘पुन्हा लाल दाबलं, थांबलीच नाही.’ घाबरलेला माणूस खोटं बोलला तरी इतकं चमत्कारिक खोटं बोलत नाही. मी दाबलंच नाही, एवढंच म्हणतो.

मशीनच्या पायापाशी वायरचा पाइप संपतो, तिथं बोटं फिरवली. वायर सोललेली. नखाएवढं तांबं उघडं. अडकलेला कापूस ओढताना मशीनला हिसका बसला की ते लोखंडाला टेकणार, एरवी सुटं राहणार. म्हणून मी तपासलं तेव्हा सगळं ठीक!

पण नुसती वायर टेकून मशीन सुरू कशी होईल? फ्यूज उडायला हवा, मशीन मरायला हवी. मग सरकीच्या पोत्यावर बसलो आणि दोन वर्षांपूर्वी केलेलं काम पहिल्यांदा कागदावर काढलं.

दोन वर्षांपूर्वी बारा मशिनींची ही नवी रांग टाकली. दसऱ्याला मुहूर्त करायचाच होता आणि स्टार्टरपासून बटणापर्यंत तीन वायरी लागतात तिथं दोनच पुरतील एवढी केबल आलेली. भैयाजी म्हणाले, जे आहे त्यात भागवा. मी भागवलं. नियम साधा आहे, आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात — मशीनचा स्विच ओढून धरणाऱ्या कॉइलचं एक टोक कायम न्यूट्रलला, आणि बटणं सगळी फेजच्या बाजूला. मी उलटं केलं. फेज कायमचा कॉइलवर ठेवला, बटणं दुसऱ्या बाजूला घेतली, आणि शेवटचं टोक मशीनच्याच लोखंडी अंगाला बांधून टाकलं. दर मशीनमागे एक वायर वाचवली. लोकांनी वाहवा केली. तेव्हापासून भैयाजी मला इंजिनियर म्हणतात.

आता कॉइलकडून बटणाकडे जाणारी ती वायर मध्येच सोलून लोखंडाला टेकली, की कॉइलला वाटतं, कोणीतरी हिरवं दाबलं. मशीन सुरू. मग लाल दाबा, बुक्क्या मारा, काही होत नाही. वीज लाल बटणापर्यंत जातच नाही, अलीकडूनच वाट काढते. फ्यूजला पत्ताही लागत नाही. नीट केलं असतं तर हीच वायर सोलल्यावर फ्यूज उडाला असता आणि रामबाई शिव्या देत कापूस काढून मोकळी झाली असती.

नागेश अक्षर अन् अक्षर खरं बोलत होता.

आणि मी काय केलं? नवी वायर ओढली, नऊ नंबर नियमाप्रमाणे नीट बांधला, जुनी वायर गुंडाळून पिशवीत टाकली आणि घरी आलो. मार्चमध्ये निवृत्त होणार. तोवर कोणाला कळू नये, एवढंच डोक्यात होतं. लिहिताना लाज वाटते आहे. वाटू दे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

उरल्या अकरा मशिनी. जेवणाच्या सुट्टीत एक मशीन होते. रांग बंद असते, बाया बाहेर लिंबाखाली डबे सोडतात, मी आत वायरी ओढतो. भैयाजींनी विचारलं, रोज काय उचकापाचक चालली आहे. मी म्हटलं, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. इंग्रजी शब्द ऐकला की ते खूश होतात.

काल तीन नंबर झाला, आज चार. उरलेल्या नऊमध्ये आजही बाया हात घालत आहेत. माझं लक्ष पूर्ण दिवस त्यांच्या हातांवर. सहा नंबरपाशी एक बाई वाकली तर मी ओरडलो. ती दचकली, मग हसली. म्हणाली, काका पार भेले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पंचफुलानं नऊ नंबरला हळदकुंकू लावलं, लिंबू बांधलं. वच्छलाच्या गँगमधली ही मोठी बाई, तिच्या शब्दाला मान आहे. म्हणाली, “या मशीनच्या अंगात येते.” म्हणावंसं वाटलं, बाई, तिच्या अंगात मीच आहे. नाही म्हणालो. लिंबू पॅनलपासून लांब बांध, एवढं सांगितलं.

पाच आणि सहा झाले. सात मशिनी राहिल्या.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मालकांनी वर्ध्याहून एक इंजिनियर बोलावली. अंकिता. बोरगाव मेघेला पॅनल बनवायच्या वर्कशॉपमध्ये आहे. वय असेल सव्वीस-सत्तावीस. टेस्टर स्वतःचा घेऊन आली, ते मला आवडलं. दुसऱ्याच्या टेस्टरवर विश्वास ठेवणारा फार दिवस टिकत नाही या धंद्यात.

पहिल्यांदा नऊ नंबरच उघडला. पूर्ण पाहिला, वाकून पाहिला, वायर ओढून पाहिली. म्हणाली, काका, सुरेख काम आहे, इथं आपोआप सुरू व्हायचं काही कारणच दिसत नाही. भैयाजी लगेच म्हणाले, मग झालं तर, पोराचाच हात.

तेव्हा कळलं मी काय करून बसलो. नागेश खरं बोलतो याचा एकच पुरावा जगात होता, नखाएवढं तांबं, आणि तो मी माझ्या हातानं पुसला. सगळ्यात आधी. सगळ्यात नीट.

मग ती दहा नंबरकडे वळली. तिथं मी अजून पोचलो नव्हतो. उघडून पाहिलं आणि एकेका वायरीचा बोटानं माग काढला. मला बाजूला बोलावून हळूच विचारलं, “काका, हे कोणी केलं?”

“आधीच्या वायरमनचं काम आहे,” मी म्हटलं. “जुनं.”

“एक वायर वाचवली त्यानं,” ती म्हणाली. बस, एवढंच. रागानं नाही. दवाखान्यात रिपोर्ट वाचून दाखवतात त्या आवाजात.

या जागेवर माझ्याआधी वायरमन होता तो वारला त्याला वीस वर्षं झाली. ही रांग दोन वर्षांची. मेलेल्या माणसावर ढकललं मी. आणि तिनं माझ्या पिकल्या केसांकडे पाहून विश्वास ठेवला.

तिनं सगळं लिहून दिलं. दहा नंबर आणि तसल्या बाकीच्या मशिनी ताबडतोब बदला, तोवर खटका खाली ओढल्याशिवाय कोणी आत हात घालायचा नाही. भैयाजींनी कागद वाचला, घडी केला, ड्रॉवरमध्ये ठेवला. हंगाम संपल्यावर बघू म्हणाले.

रविवार, २३ नोव्हेंबर

रामबाईला कालच घरी आणलं म्हणून कळलं. सायकल काढून गेलो, नदीपलीकडे त्यांच्या जमातीची दहाबारा घरं आहेत, आपसात त्यांची वेगळीच बोली. अंगणात खाटेवर बसली होती, हात एवढा मोठा बांधलेला. मला पाहून डोक्यावर पदर घेतला. डाव्या हातानं. तो पदर घेताना तिची धडपड मला पाहवली नाही.

तिनं विचारलं, डाव्या हातानं सफाई जमते, मग कामावर कधी येऊ? मी म्हटलं, आधी बरी हो.

नागेश कुडाला टेकून बसला होता. काकी त्याच्याशी बोलत नाही. म्हणजे भाकरी देते, बोलत नाही. त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला घरात तीच एक होती, तीही आता माझ्यादेखत त्याला मराठीतून ‘खाय’ म्हणाली. परक्यासारखं. मला पोचवायला तो रस्त्यापर्यंत आला. सायकलचा हँडल धरून उभा राहिला.

“काका,” तो म्हणाला, “मले आता वाटून राह्यलं का माहाच हात लागला असन. सगळे म्हणते तं खरंच असन. रोज आठोतो मी. आठोतो तं मले माहा हात हिरव्यावर दिसते.”

मी सायकलवर बसलो आणि निघून आलो.

आज मला माझी किळस आली. वायर चुकीची लागली ती चूक होती. ती कुणाच्याही हातून होते असं म्हणता येईल, भैयाजींनी घाई केली असंही म्हणता येईल. पण त्या पोराच्या डोक्यात खोटी आठवण तयार झाली, ती मी केली. गप्प बसून केली. आणखी महिनाभर मी गप्प बसलो तर तो जन्मभर शपथेवर सांगेल की काकीची बोटं त्यानंच घेतली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सात आणि आठ झाले. पाच बाकी. मशिनी नीट करून काही नीट होत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी शुभमला — आमचा गेटवरचा वॉचमन — नागेशला आणायला पाठवलं, रामबाईलाही विचार म्हटलं. ती आली नाही. नागेश आला. आठच्या पाळीची हजेरी होते तिथं गोडाऊनच्या भिंतीवर मी खडूनं चित्र काढलं. कॉइल, फेज, लाल बटण, हिरवं बटण. माणसं हसायला लागली, म्हातारा शाळा घेतो म्हणून. भैयाजी म्हणाले, हे काय चाललं आहे.

मी म्हटलं, नऊ नंबर आपोआप सुरू झाली. वायर मी लावली होती. चुकीची लावली होती. रामबाईची बोटं गेल्यावर चार दिवसांनी मला कळलं आणि मी ती गुपचूप बदलली, आणि तुमच्यासमोर मान हलवत राहिलो. मग जुनी वायर पिशवीतून काढून दाखवली. सोललेली जागा दाखवली.

आवाज नीट निघाला, कशानं कुणास ठाऊक. बाया खाली पाहत होत्या, पंचफुलासुद्धा. शिव्या बसतील असं वाटलं होतं, त्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

नागेश पुढे आला. मारणार, असं वाटलं. तो भिंतीपाशी गेला आणि चित्राकडे पाहत राहिला. विचारलं, “मंग लाल काऊन नाई चाललं?” मी बोट ठेवून दाखवलं, वीज इथूनच निघून गेली, लालपर्यंत आलीच नाही. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच बोट फिरवलं, फेजपासून कॉइल, कॉइलपासून सोललेली जागा, तिथून खाली लोखंडात.

“म्हणजे लाल मी दाबलं व्हतं,” तो म्हणाला.

“दोनदा दाबलं होतंस,” मी म्हटलं.

तो तिथंच खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडला. मग उठून माझ्याकडे न बघता घरी गेला. काकीला सांगायला गेला असणार.

बुधवार, २६ नोव्हेंबर

भैयाजींनी केबिनमध्ये घेतलं. मला हाकलतील म्हणून मी तयारीनं गेलो होतो, तर ते पाणी पाजू लागले. म्हणाले, चार भिंतींत बोलला असता तर मिटवलं असतं, तुम्ही भिंतीवर काढून ठेवलं. आता तपासणी येणार, मालक येणार, कदाचित पोलीसही. केबल अपुरी होती हे बोलू नका, म्हणाले. मी म्हटलं, विचारलं तर सांगेन, पण केबल अपुरी होती म्हणून तुम्ही मला उलटं जोडायला सांगितलं नव्हतं. ते माझं डोकं. नाही म्हणायची अक्कल नव्हती तेही माझंच.

आजपासून मी घरी. नागेश उद्यापासून कामावर. उरलेल्या पाच मशिनी बंद ठेवल्या आहेत.

अंकिताला फोन केला. नाव सांगितलं, मग म्हटलं, पोरी, तो आधीचा वायरमन मीच. तिनं विचारलं, पाच मशिनींचे खटके खाली आहेत का? मी म्हटलं, खाली आहेत आणि कुलूप लावून किल्ली मी भैयाजींकडे दिली. ठीक आहे, सोमवारी येते, म्हणाली. माफ केलं असं नाही म्हणाली. मी मागितलीही नव्हती.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

घरी बसायची सवय नाही. पंखा सुरू करताना बटणाकडे पाहत राहिलो.

नागेश येऊन गेला. आत आला नाही. रामबाई त्याच्याशी बोलली, एवढं दारातून सांगितलं. त्यांच्या भाषेत बोलली.

मन जरा हलकं झालं. वच्छला अजून गप्पच. माझ्यामुळे गावात मान खाली गेली म्हणून रागावली असेल. रागवायचा हक्क आहे तिला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

वच्छला आज बोलली. मी जेवत होतो, ती समोर येऊन बसली.

“मागच्या हंगामातच मी तुमाले सांगतलं व्हतं, नऊ नंबर आपोआप उठते म्हणून. तुमी हसले. बायांच्या डोक्यातलं खूळ म्हणाले. मंग आमीच पाळी लावली. एकीनं आत हात घालाचा, दुसरीनं खटका खाली ओढून तिथंच उभं राह्याचं. वरसभर कोनाले काई झालं नाई. त्या दिवशी खटक्यावर माही पाळी व्हती. तुमची बीपीची गोळी घरी राह्यली व्हती ना, ते द्याले मी पॅनलरूममंदी तुमच्याकडं आलती. रामबाईनं मांगं वळून पाह्यलं नाई. मी खटका ओढून उभी हाओच असं समजून हात घातला तिनं.”

तेव्हा मी हसल्याचं मला आठवत नाही. गोळी आठवते. काम सोडून काऊन फिरतेस, असं मी तिला म्हणालो होतो.

रामबाईला हे अजून माहीत नाही. उद्या सकाळी आम्ही दोघं जातो आहोत.